न आलेल्यांची वही

आमच्या गुरुवारच्या ओपीडीत दोन वह्या असतात. एक जाडजूड, सरकारी नमुन्याची. आलेल्या प्रत्येक पेशंटचं नाव, वय, गाव, निदान आणि दिलेल्या गोळ्या तिच्यात लिहितात, आणि महिनाअखेरीला तिच्यावरून अहवाल वर जातो. दुसरी शाळकरी पोरांची असते तशी दोनशे पानी. सिस्टरांनी ती स्वतःच्या पैशांनी आणली. आज ज्यांची तारीख होती आणि जे आले नाहीत, त्यांची नावं या दुसऱ्या वहीत. तिला सरकारी नाव नाही. आम्ही तिला न आलेल्यांची वही म्हणतो.

मी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी नोकरीतच केस पांढरे झाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. बालाघाटच्या डोंगरातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर गुरुवारी आमची टीम जाते: मी, एक मानसशास्त्रज्ञ, एक सामाजिक कार्यकर्ता, सिस्टर आणि औषधांच्या पेट्या उचलण्यापासून पेशंटला पाणी देण्यापर्यंत सगळं करणारे आमचे ड्रायव्हर. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि माणसांचे तपशीलही थोडे बदलले आहेत. गावं लहान असतात, लगेच ओळख पटते.

हा तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दिवाळी झाली की वस्त्या रिकाम्या होतात. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली पोरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडायला हा कोयता सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटला जातो. परत येतो तो गुढीपाडव्याच्या आगेमागे. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने माझे निम्मे पेशंट माझ्यापासून तीनशे-चारशे किलोमीटरवर असतात.

ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली. ती शिरली एका मुलामुळे.

मुलगा म्हणजे पंचविशीतला, लग्न झालेला, एका पोरीचा बाप. पहिल्यांदा आणला तेव्हा नऊ रात्री झोपलेला नव्हता. घरची बैलजोडी निम्म्या किमतीला विकून त्यानं गावभर पेढे वाटले होते आणि कारखाना आता आपल्या नावावर झालाय असं तो सगळ्यांना सांगत होता. त्याआधी दोन महिने देवऋषी, उतारे, एका दर्ग्यावरचा मुक्काम, सगळं करून झालेलं. मी त्या कुटुंबाला त्याबद्दल कधी बोलले नाही. जवळ जे दार उघडं दिसतं तिथेच माणूस आधी जातो, आणि आमचं दार आठवड्यातून एकदाच उघडतं.

ओलान्झापिन आणि लिथियमवर तो सावरला. लिथियम हा एक साधा क्षार. उन्मादावर तो चालतो हे जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९४९ साली दाखवलं. आजही उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या या आजारात, बायपोलरमध्ये, त्याच्या तोडीचं औषध मला माहीत नाही, आणि ते स्वस्त आहे. मुलगा दीड वर्ष छान राहिला. मग एका नोव्हेंबरात ओपीडी संपता संपता आला आणि म्हणाला, “मॅडम, उद्या गाडी निघतीय.” बाहेर अजून वीस-पंचवीस माणसं बसलेली. मी नेहमीप्रमाणे तीस दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, “तिकडच्या सरकारी दवाखान्यात हा कागद दाखव.” एवढंच. वीस सेकंदं लागली असतील.

मार्चमध्ये त्याची आई एकटी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला केस पेपर आणि लिथियमचं रिकामं पाकीट तिनं टेबलावर ठेवलं, शेजारी शेजारी, नीट सरळ करून. मुलगा फेब्रुवारीत गेला होता. स्वतःच्या हातानं. ती रडली नाही. तिनं विचारलं, “ह्याच्या म्होरंबी गोळ्या लागत व्हत्या का, मॅडम? त्यो म्हणायचा, पाकीट संपलं, कोर्स संपला.”

कोर्स. तापाचा असतो, टीबीचा असतो, तसा. हा आजार तसा नाही, गोळ्या बरं वाटत असतानाच चालू ठेवायच्या असतात, हे मी त्याला दीड वर्षात एकदाही नीट बसवून सांगितलेलं नव्हतं. लिथियम आत्महत्येचा धोका कमी करतं आणि ते अचानक बंद झालं तर आजार उसळून येतो, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. ज्याला ते कळायला हवं होतं त्याला शिकवलं नाही.

ती गेल्यावर मी मोठी वही उघडली. नोव्हेंबरच्या पानावर त्याचं नाव होतं. डिसेंबरमध्ये नव्हतं, जानेवारीत नव्हतं, फेब्रुवारीत नव्हतं. पण ती पानं भरलेली होती, ओळी गच्च होत्या, आकडा उत्तम होता. आलेल्यांचीच नावं लिहिणाऱ्या वहीत न आलेला माणूस दिसणार कसा? सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांच्या पिशवीत ती दोनशे पानी वही होती.

मी ज्या कार्यक्रमात काम करते त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, हे इथे सांगायला हवं. माझ्या विद्यार्थिदशेत महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या माणसाला तीव्र मानसिक आजार झाला तर मुख्य वाट येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांचीच होती. एसटीनं तिथवर न्यायचं, दाखल करायचं, आणि पुष्कळदा तिथेच विसरायचं. १९८२ साली देशानं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं ऐंशीच्या दशकात कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग करून दाखवला की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आणि कर्मचाऱ्यांना शिकवलं तर वेड आणि फिट या दोन्हींवरचे उपचार गावाजवळ मिळू शकतात. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मी आज तालुक्यात खुर्ची टाकून बसू शकते ती बळ्ळारीमुळे.

पण त्या सगळ्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणूस आपल्या गावात असतो. निमहान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. ते सर्वेक्षण घरोघर जाऊन केलेलं होतं, १२ राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. असता तरी माझ्या मनात प्रश्न राहिलाच असता, की जानेवारीत या तालुक्यातल्या कुलूप लावलेल्या दारापुढे उभं राहून काय लिहून घेतलं असतं?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत सगळ्या काळात मोफत मिळाली पाहिजेत. तो हक्क माणसाचा आहे. माणूस उसाच्या फडात असला म्हणून त्याचा हक्क गावातल्या घरी कुलपाआड राहत नाही. हे मी आता बैठकांमधून सांगते, आणि वयामुळे ऐकूनही घेतात. वरिष्ठ होण्याचा मला जाणवलेला खरा फायदा एवढाच: आपण अडून बसलो तर खालच्या माणसाला त्रास होत नाही.

तर दसऱ्याच्या आधीच्या तीन गुरुवारांत आम्ही आता ‘कारखान्याची यादी’ करतो. प्रत्येकाला विचारतो: यंदा जाणार का? कुठला कारखाना? ऊस कसा वाहायचा, बैलगाडी, टायर की डोकी सेंटर? हा प्रश्न ऐकून नव्या डॉक्टरांना नवल वाटतं. पण सगळं त्यावरच असतं. डोकी सेंटरला मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भराव्या लागतात. ट्रक मध्यरात्री आला तर मध्यरात्री. झोपमोड हे या आजाराला मिळालेलं आमंत्रण असतं. दोन रात्रींचं जागरण ज्याला पुन्हा उन्मादात नेऊ शकतं त्याला मी तीन महिने रात्रीच्या भरणीला पाठवते आहे, हे मला माहीत हवं.

लिथियमचंही तसंच. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातली त्याची पातळी चढते. हात थरथरतात, उलट्या होतात, चाल अडखळते, पुढे जिवावर बेतू शकतं. आणि माझा पेशंट उन्हात दिवसभर घाम गाळणार, प्यायला पाणी लांबून आणणार, रक्त तपासायला कुठे जाणार? मग बदली औषध द्यावं तर व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बायकांना शक्यतो देता येत नाही, दिवस गेले तर बाळाला व्यंगं होऊ शकतात, आणि फडावर दिवस जातातच. पुस्तकातलं उत्तर आणि फडावरचं उत्तर यांत मी दरवर्षी अडकते. काहींचं लिथियम चालूच ठेवते, आधी रक्त तपासून, पाण्याचं आणि मिठाचं घरच्यांना तीनतीनदा सांगून. काहींचं बदलते. खात्री कशाचीच नसते.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत एका लग्नाला कोल्हापूरकडे गेले होते. वाटेत यादीतला एक कारखाना लागत होता. दिवस रजेचा होता, गाडी स्वतःची होती. मी वळले. आमची एक पेशंट तिथे होती, तिशीची, आठ वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर पहिला झटका आलेली. कोप्यांच्या रांगेत विचारत विचारत गेले. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री, दार म्हणजे जुनी साडी. ती नुकतीच फडावरून आली होती, हातांना चिकटलेला उसाचा काळा चिकटा अजून धुतलेला नव्हता. मला पाहून आधी घाबरली, मग एवढी हसली की शेजारच्या बायका बघायला आल्या. “आमच्या गावाकडच्या मॅडम हायत,” एवढंच तिनं त्यांना सांगितलं. कशाच्या मॅडम, ते नाही.

आत गेल्यावर तिनं चहा टाकला आणि मग हळूच कोपीच्या मधल्या बांबूकडे बोट केलं. बांबूवर कोळशाच्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी. प्रत्येक गोळीला एक रेघ. तिला लिहिता येत नाही. रेघांमध्ये मधेच मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या, दोन बोटांच्या, तीन बोटांच्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “त्या राती ट्रक आल्ता. तुम्ही म्हणलाव्हता रातच्याला झोपताना घ्यायची. झोपलेच न्हाई, मग कशी घिऊ?”

मी तिथे खाली बसून राहिले. तीस वर्षं मी चिठ्ठीवर ‘रात्री झोपताना’ लिहीत आले आहे. हाताला इतकी सवय की न बघता लिहिते. ती बाई माझं अक्षरशः ऐकत होती. त्यामुळेच तिच्या गोळ्या चुकत होत्या. पहाटे पाचला भरणी संपवून दोन तास पडायची, तेव्हा घेतली असती तरी चाललं असतं. तेव्हापासून कारखान्याच्या यादीतल्या माणसांना आम्ही सांगतो: जेव्हा पाठ टेकाल तेव्हा. आणि सिस्टर ते चिठ्ठीवरही तसंच लिहितात, औषधांच्या दुकानदाराला कळो न कळो. बांबूचा फोटो काढावासा वाटला होता. काढला नाही, तो तिचा होता.

मुकादमाला सांगायचं का, हा आमच्या टीममधला जुना वाद. आमचे सामाजिक कार्यकर्ते म्हणतात, सांगावं. त्याला माहीत असलं तर तो एखाद्या रात्री माणसाला झोपू देईल, खाडा धरणार नाही. मी म्हणते, नाही. कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायची आहे हे तर आहेच, पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. ‘डोक्याची गोळी चालू आहे’ एवढं कळलं की पुढच्या वर्षी त्या कोयत्याला उचल मिळत नाही, किंवा कमी मिळते. पेशंट स्वतः सांगत असेल तर सांगू दे. एकीनं सांगितलं. मुकादम तिच्या नवऱ्याला म्हणाला, माझ्या बहिणीलाबी हाय ह्ये, आणि तिची भरणी दिवसाची करून दिली. दुसऱ्या एकानं सांगितलं तर टोळीतून घरी पाठवलं, वर उचलीचं व्याज लावलं. दोन्ही खरं आहे. वाद मिटलेला नाही.

जे जातात त्यांची ही गोष्ट. जे मागे राहतात त्यांची वेगळी.

एका वस्तीवर आशाताई घेऊन गेल्या होत्या. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “मॅडम, एकदा या, मग बोलू.” गोठ्याला लागून खोली. आत वीस वर्षांचा मुलगा, पायात बैलाची साखळी, खांबाला कुलूप. घोट्यावरची कातडी पांढरी पडून जाड झालेली. आईबाप बागलकोटला. घरात आजी, सत्तरीची, कंबरेत वाकलेली. माझ्याबरोबर नवा डॉक्टर होता, तो चिडून बोलायला लागला की हे बेकायदेशीर आहे. आहेच. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीत बांधलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळून मेली. २०१७ च्या कायद्यानं साखळी बांधायला साफ बंदी केली आहे. हे सगळं मला पाठ आहे. आजी त्या डॉक्टरकडे बघत म्हणाली, “काढते की. पर त्यो पळाला तर त्याच्या मागं पळायला माझ्यात पाय हायत का? तुमी पळताल?”

तो गप्प झाला. मीही.

मग आम्ही सुई दिली. फ्लुफेनॅझिनचं हे इंजेक्शन तिळाच्या तेलात असतं, स्नायूत दिलं की औषध हळूहळू सुटत राहतं, दोन ते चार आठवडे पुरतं. आमचे लोक त्याला ‘महिन्याची सुई’ म्हणतात. रोज गोळी भरवायला जिथे धड माणूस नाही तिथे तिच्यासारखी सोबत नाही. आजीला मी सांगितलं, आज कुलूप राहू दे पण साखळी लांब करा, त्याला अंगणापर्यंत येता आलं पाहिजे. हे बोलताना मला लाज वाटत होती. वीस वर्षांच्या मुलाची साखळी लांब करा, असं मी, एक डॉक्टर, सांगत होते. घोट्याला आशाताईंनी ड्रेसिंग केलं आणि पुढे रोज जाऊन करत राहिल्या. त्या कामाचा त्यांना एक रुपया मोबदला मिळत नाही, यादीत तसं काम नाही. पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला: साखळी काढली, पोरगा आजीला बादलीनं पाणी आणून देतोय. त्या फोनवर मला काही बोलता आलं नाही, आणि त्या तिकडे “हॅलो, हॅलो” करत राहिल्या.

लोक विचारतात, एवढी वर्षं झाली, शहरात का गेला नाहीत? मी आता पेशंट कमी बघते, खरं सांगायचं तर. माझा बराच वेळ या आशाताईंशी, सिस्टरांशी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या डॉक्टरांशी बोलण्यात जातो. त्यांना मानसोपचाराचं पुस्तक शिकवत नाही. चार प्रश्न शिकवते: झोप कशी आहे, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का, आणि गोळी कोण देतं. तिसरा प्रश्न विचारायला सगळे बिचकतात. विचारल्यानं तो विचार डोक्यात येईल असं त्यांना वाटतं. येत नाही. असला तर बाहेर पडतो. मी त्यांच्याकडून तो मोठ्यानं म्हणवून घेते, एकेकाकडून, वर्गात उभं करून. फेब्रुवारीत गेलेल्या त्या मुलाला मी तो प्रश्न शेवटच्या भेटीत विचारला नव्हता.

२०२२ च्या १० ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर सुरू झालाय, चोवीस तास. आम्ही तो प्रत्येक चिठ्ठीवर शिक्क्यानं उमटवतो. फडावरून काहींनी लावलाय, रात्री दोनला कुणीतरी मराठीत बोललं याचं त्यांना फार वाटलं. पण फोन बहुतेक नवऱ्याच्या खिशात असतो, आणि फोनमधून गोळी येत नाही.

यंदाची कारखान्याची यादी परवा पुरी झाली. एकतीस नावं. फेब्रुवारीत गेलेल्या त्या मुलाची बायको त्यात आहे. पेशंट म्हणून नाही, तिच्या दिराच्या कोयत्यात भावजय म्हणून, दीर आमचा पेशंट. गोळ्या ती सांभाळणार आहे. केस पेपरवर ‘गोळी कोण देणार’ या रकान्यात तिचं नाव सिस्टरांनी लिहिलं तेव्हा तिनं ते वाचून घेतलं, आणि खाली स्वतः सही केली. सही मागितली नव्हती.

एकतीसपैकी बारा जणांना ओलान्झापिन लागतं, रोज एक. दीडशे दिवस धरले तर अठराशे गोळ्या. स्टोअरमध्ये अकराशे आहेत, आणि त्यातून इथल्या गुरुवारच्या माणसांनाही द्यायच्या आहेत. स्थानिक खरेदीचा कागद मी काल तयार केला, सोमवारी सही घ्यायला स्वतः जाणार आहे. पहिली गाडी बुधवारी पहाटे निघते.